करणी आणि घातांक

गणिताच्या पुस्तकांतील कांहीं चिन्हें इतकीं लहान असतात कीं, त्यांच्या मागें शतकानुशतकांची विचारपरंपरा उभी असेल अशी शंकाही कोणास येत नाहीं. संख्येच्या डोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेला घातांक हें असेंच एक चिन्ह होय. ५ च्या डोक्यावर ३ लिहिला म्हणजे ५ ही संख्या तीनदां मांडून गुणाकार करावयाचा, हें शाळेंतील कोणतेंही मूल चटकन सांगतें. परंतु त्याच डोक्यावर एके दिवशीं १/२ येऊन बसतो, आणि मग मूल बिचकतें. तीनदां मांडणें समजलें. पण अर्ध्या वेळां मांडणें म्हणजे काय? या प्रश्नास बहुधा जें उत्तर मिळतें तें असें कीं, अर्धा घात म्हणजे वर्गमूळ. तसा नियम आहे, पाठ करा. मूल पाठ करतें, परीक्षेंत गुणही मिळवितें. परंतु गणित हें कोणी तरी वरून लादलेल्या आज्ञांचें शास्त्र आहे, ही समजूत त्या दिवसापासून त्याच्या मनांत घर करते. ही समजूत चुकीची तर आहेच, पण इतिहासाच्याही विरुद्ध आहे. तो इतिहास येथें थोडक्यांत सांगावा, असा आमचा विचार आहे.

प्रथम प्रश्नाचें स्वरूप पाहूं. ५ चा दुसरा घात व ५ चा तिसरा घात यांचा गुणाकार केला असतां ५ चा पांचवा घात येतो. म्हणजे संख्यांचा गुणाकार होतो तेव्हां घातांकांची बेरीज होते. आतां हा नियम पूर्णांकांपुरताच न ठेवतां अपूर्णांकांनाही लागू पडावा अशी इच्छा धरली तर काय होईल? ५ चा अर्धा घात गुणिलें ५ चा अर्धा घात याचें उत्तर ५ चा पहिला घात, म्हणजे ५ च, आलें पाहिजे. कारण अर्धा आणि अर्धा मिळून एक. जी संख्या स्वतःशींच गुणिली असतां ५ होते तिला आपण √५ म्हणतों. तेव्हां ५ च्या अर्ध्या घातास √५ याहून दुसरा अर्थ संभवतच नाहीं. त्याच न्यायानें तृतीयांश घात म्हणजे घनमूळ. आणि २/३ घात म्हणजे घनमूळ काढून त्याचा वर्ग करणें. अपूर्णांकाचा छेद कोणतें मूळ तें सांगतो, अंश कोणता घात तें सांगतो. ८ चें घनमूळ २, त्याचा वर्ग ४. म्हणून ८ चा २/३ घात ४. आधीं वर्ग करून ६४ चें घनमूळ काढलें तरीही ४ च येतात. १६ चें चौथें मूळ २, त्याचा घन ८. म्हणून १६ चा ३/४ घात ८.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. अर्ध्या घाताचा अर्थ कोणास मोजून सांपडलेला नाहीं. जुना नियम मोडूं नये म्हणून नव्या चिन्हाला जो अर्थ देणें भाग पडलें तो हा अर्थ होय. नियम आधीं होता. अर्थ त्याच्या पोटीं मागाहून जन्मास आला. मात्र हा जन्म सुखासुखीं झालेला नाहीं.

आपल्या देशांत मुळांचा विचार यज्ञवेदीच्या मापांतून निघाला. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत एका चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस ज्या दोरीनें होतो तिला 'द्विकरणी' असें नांव आहे. ही दोरी म्हणजे मूळ चौरसाचा कर्ण. करणी म्हणजे चौरस 'करणारी' बाजू. द्विकरणीचें मापही सूत्रकारानें दिलें आहे: बाजूंत तिचा तृतीयांश मिळवावा, त्या तृतीयांशाचा चतुर्थांश मिळवावा, आणि त्या चतुर्थांशाचा चौतिसावा भाग वजा करावा. हिशेब केला असतां ५७७/४०८ हा अपूर्णांक येतो, आणि तो √२ शीं पांच दशांश स्थळांपर्यंत जुळतो. पुढें करणी हा शब्द दोरी सोडून संख्येस लागला, आणि ज्या संख्येचें मूळ पूर्ण सुटत नाहीं तिच्यासाठीं रूढ झाला. मराठी शालेय गणितांत आजही हाच शब्द चालतो.

करण्यांचें गणित ब्रह्मगुप्तानें ६२८ सालच्या ब्राह्मस्फुटसिद्धांतांत सांगितलें, आणि भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत आपल्या बीजगणितांत तें विस्तारानें मांडलें. या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें चाळीसगांवाजवळील पाटण येथें मठ स्थापिला. त्याचा १२०७ सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणला. बीजगणितांत २ आणि ८ या करण्यांची बेरीज व वजाबाकी करावयास सांगितली आहे. रीत अशी: दोहोंची बेरीज १०, दोहोंच्या गुणाकाराचें, म्हणजे १६ चें, मूळ ४, त्याची दुप्पट ८. १० त ८ मिळविले तर १८, वजा केले तर २. म्हणून √२ आणि √८ यांची बेरीज √१८, आणि वजाबाकी √२. परंतु ३ आणि ७ या करण्या दिल्या तर त्यांच्या गुणाकाराचें मूळ सुटत नाहीं. त्या वेगळ्याच ठेवाव्या लागतात. हें सारें लिहितांना आचार्य करणीपुढें 'क' हें अक्षर घालीत: क २, क ८. अव्यक्ताच्या वर्गास 'या व' असें लिहीत. 'या' म्हणजे यावत्तावत् आणि 'व' म्हणजे वर्ग.

वर्ग, घन, वर्गवर्ग, घनवर्ग हीं घातांचीं नांवें अर्थपूर्ण आहेत खरीं; परंतु तीं नांवें आहेत, अंक नव्हेत. वर्ग आणि घन यांचा गुणाकार पांचवा घात होतो, हें 'व' आणि 'घ' या अक्षरांकडे पाहून कळत नाहीं. दोन आणि तीन हे अंक समोर असते तर तें डोळ्यांना दिसलें असतें. ब्रह्मगुप्तानें पांचव्या घातास 'पंचगत', सहाव्यास 'षड्गत' म्हटलें आहे. म्हणजे नांवांत अंक आणण्यापर्यंत मजल गेली होती. परंतु तो अंक संख्येच्या डोक्यावर चढला नाहीं.

तरी पण केवळ विचाराच्या बाजूनें पाहिलें तर त्याहूनही पुढची मजल जैन ग्रंथकारांनीं मारलेली आढळते. अनुयोगद्वारसूत्र या प्राचीन ग्रंथांत मनुष्यांची किमान संख्या सांगतांना २ चा लागोपाठ वर्ग करीत जाऊन सहावा वर्ग व पांचवा वर्ग यांचा गुणाकार करावा, अथवा जी संख्या शहाण्णव वेळां निमपट करतां येते ती घ्यावी, असें म्हटलें आहे. २ चा पांचवा वर्ग म्हणजे २ चा ३२ वा घात, सहावा वर्ग म्हणजे ६४ वा घात. आणि ३२ व ६४ मिळून ९६. घातांकांच्या बेरजेचा नियमच हा! त्याच ग्रंथांत दुसऱ्या ठिकाणीं असें सांगितलें आहे कीं, पहिलें वर्गमूळ व दुसरें वर्गमूळ यांचा गुणाकार म्हणजेच दुसऱ्या वर्गमुळाचा घन. दुसरें वर्गमूळ म्हणजे वर्गमुळाचें वर्गमूळ. १६ घेऊन पाहावें: पहिलें मूळ ४, दुसरें २, गुणाकार ८, आणि २ चा घनही ८. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर १/२ आणि १/४ मिळून ३/४, एवढेंच हें विधान आहे. शाळेंत आज जें 'सोपें रूप द्या' म्हणून विचारतात तेंच. नवव्या शतकांतील वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेंत हा विचार आणखी पुढें नेलेला दिसतो. एखादी संख्या कितीदां निमपट होते त्या मोजणीस तेथें 'अर्धच्छेद' हें स्वतंत्र नांव आहे. ही टीका मूडबिद्री येथील ताडपत्रांवर शतकें पडून होती. प्रा. हिरालाल जैन यांनीं १९३९ पासून ती अमरावतीहून छापून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि लखनौचे गणिती अवधेश नारायण सिंह यांनीं तिच्यांतील गणिताचें मर्म उलगडून दाखविलें.

यावरून आमचे कांहीं बंधु असा निष्कर्ष काढतील कीं, अपूर्ण घातांक आमच्याकडे होतेच, युरोपानें नवीन कांहीं केलें नाहीं. हा निष्कर्ष उतावळेपणाचा आहे. विचार होता हें खरें. परंतु तो शब्दांत होता, आणि दर वेळीं विशिष्ट संख्यांविषयीं होता. कोणत्याही अपूर्णांकास चालेल असें एक चिन्ह आणि त्यावर चालणारें एक सार्वत्रिक गणित ही गोष्ट निराळी. युरोपचा इतिहास पाहिला म्हणजे हें अधिक स्पष्ट होतें. कारण तेथेंही विचार आधीं आला आणि चिन्हावांचून तसाच पडून राहिला.

फ्रान्समधील निकोल ओरेम हा विद्वान् धर्मगुरु १३८२ सालीं वारला. त्यानें आपल्या एका लॅटिन ग्रंथांत प्रमाणांचा विचार करतांना दीडाव्या घाताची कल्पना स्पष्टपणें मांडली. ४ चा घन ६४, ६४ चें वर्गमूळ ८. म्हणून ४ चा दीडावा घात ८, असें त्याचें प्रतिपादन आहे. त्यासाठीं त्यानें स्वतःची एक लेखनपद्धतीही योजिली होती. परंतु ती कोणी उचलली नाहीं, आणि ग्रंथ १८६८ सालीं छापला जाईपर्यंत हस्तलिखितांतच राहिला. त्याच देशांतील निकोला श्युके यानें १४८४ सालीं घातांचे अंक संख्येच्या वरच्या अंगास लिहिले, शून्य व ऋण घातांकही वापरले. त्याचाही ग्रंथ १८८० पर्यंत छापला गेला नाहीं. ज्यांचें लेखन वाचलेंच गेलें नाहीं त्यांच्या मागून येणाऱ्यांस तोच डोंगर पुन्हां पायथ्यापासून चढावा लागला.

मूळचिन्हाची कथा स्वतंत्र आहे. √ हें चिन्ह छापील पुस्तकांत प्रथम आलें तें १५२५ सालीं, क्रिस्टॉफ रुडोल्फ या जर्मन गणित्याच्या बीजगणितांत. लॅटिन भाषेंत मुळास 'रादिक्स' म्हणतात. त्या शब्दाच्या आद्याक्षराचें हें विकृत रूप असावें, असा तर्क पुढें ऑयलर यानें केला. चिन्ह आलें तरी मूळ कोठपर्यंतच्या पदांचें घ्यावयाचें हें कळण्यास मार्ग नव्हता. ती अडचण देकार्त यानें १६३७ सालीं चिन्हास वर आडवी रेघ जोडून दूर केली. त्याच पुस्तकांत आज आपण लिहितों तसे पूर्णांकी घातांक अक्षरांच्या डोक्यावर चढले. दरम्यान जर्मनींत मिखाएल स्टिफेल यानें १५४४ सालीं २ च्या घातांची पंगत मांडून तिच्यावर क्रमांकांची दुसरी पंगत मांडली, आणि खालच्या पंगतींतील गुणाकार म्हणजे वरच्या पंगतींतील बेरीज हें दाखवून दिलें. सायमन स्टेव्हिन यानें १५८५ सालीं वर्तुळांत अंक लिहून घात दाखविले, आणि त्या वर्तुळांत २/३ लिहिल्यास त्याचा अर्थ वर्गाचें घनमूळ असा होईल असें सुचविलें. परंतु स्वतः तें वापरलें नाहीं. १६२९ सालीं आल्बेर जिरार यानें अंशाकडे घात व छेदाकडे मूळ हा अर्थ उघड सांगितला. म्हणजे एक दार आणि त्याची किल्ली अशीं दोन्हीं समोर होतीं. पण आंत जाण्याचें प्रयोजन कोणास पडलेलें नव्हतें.

तें प्रयोजन वक्राकृतींचीं क्षेत्रफळें मोजतांना पडलें. जॉन वॉलिस या इंग्रज गणित्यानें १६५६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत वक्ररेषेखालील क्षेत्र हें भोंवतालच्या आयताचा कितवा हिस्सा असतें, याचें कोष्टक मांडलें आहे. रेषेचा घातांक १ असतां हिस्सा १/२. घातांक २ असतां १/३. घातांक ३ असतां १/४. घातांकांत एक मिळवून तो छेदस्थानीं ठेवला कीं उत्तर तयार. आतां वर्गमुळाच्या वक्ररेषेखालील क्षेत्र २/३ असतें हें दुसऱ्या रीतीनें ठाऊक होतें. २/३ म्हणजे १ भागिलें दीड. आणि दीडांतून एक वजा केला तर उरतो अर्धा. तेव्हां वर्गमुळाचा घातांक १/२ मानला कीं तेंही त्याच कोष्टकांत बिनबोभाट बसतें. अर्धा घातांक येथें प्रथमच केवळ सोय म्हणून न राहतां शोधाचें साधन झाला.

वॉलिसचें हें पुस्तक न्यूटननें १६६४-६५ च्या हिंवाळ्यांत वाचलें, आणि द्विपदाच्या घाताचा जो विस्तार पूर्णांकांपुरता ठाऊक होता तो अपूर्णांकी घातांकांनाही लागू करून पाहिला. १ मधून एखाद्या संख्येचा वर्ग वजा करून जें उरतें त्याच्या वर्गमुळाची त्याला न संपणारी श्रेढी मिळाली. ती बरोबर कशावरून? त्यानें ती श्रेढी तिच्याशींच गुणून पाहिली, आणि पुढचीं सर्व पदें एकमेकांस छेदून जाऊन मूळची राशि हातीं आली. १३ जून १६७६ रोजीं लायब्निट्झसाठीं ऑल्डेनबर्ग यांच्या हातीं पाठविलेल्या पत्रांत न्यूटननें हा सिद्धांत कळविला, आणि तेथेंच आपण मूळचिन्हाऐवजीं १/२, ३/२ असे घातांक लिहितों, असें सांगितलें. आजची लेखनपद्धति रूढ झाली ती येथून. तिची शक्ति पाहावयाची तर १.०२ चें वर्गमूळ काढावें: १ त ०.०२ चा अर्धा, म्हणजे ०.०१, मिळवावा, ०.०२ च्या वर्गाचा आठवा भाग, म्हणजे ०.००००५, वजा करावा. १.००९९५ हें उत्तर सहा दशांश स्थळांपर्यंत बरोबर येतें, आणि त्यासाठीं मूळ काढण्याची लांबलचक रीत करावी लागत नाहीं.

विचार पुढें आणि चिन्ह मागें याचें आणखी एक उदाहरण लॉगरिथमचें आहे. नेपियरनें १६१४ सालीं त्यांचा शोध लाविला. आणि १६२४ सालीं आपलीं कोष्टकें प्रसिद्ध करणाऱ्या ब्रिग्जनें तीं तयार करण्यासाठीं १० चें वर्गमूळ, त्याचें वर्गमूळ, असें चोपन्न वेळां काढलें. हे सारे अपूर्ण घातच होत. परंतु त्या दोघांपाशीं त्यांचें आजचें चिन्ह नव्हतें. लॉगरिथम म्हणजे घातांक, हा आज पहिल्याच धड्यांत येणारा अर्थ ऑयलरनें १७४८ सालच्या आपल्या ग्रंथांत पायाभूत म्हणून मांडला.

आतां एक सावधगिरीची गोष्ट. नियमाच्या पोटीं अर्थ जन्मतो असें आम्हीं म्हटलें. परंतु नियमालाही मर्यादा असतात. -८ चें घनमूळ -२ आहे. १/३ आणि २/६ हे अपूर्णांक एकच. पण -८ चा वर्ग ६४ करून त्याचें सहावें मूळ काढलें तर येतें २. एकाच घातांकाचीं -२ आणि २ अशीं दोन उत्तरें! म्हणून हे नियम वापरतांना घाताचा पाया धन असला पाहिजे, ही अट घालावी लागते. भास्कराचार्यांनीं धन संख्येस धन व ऋण अशीं दोन मुळें असतात, आणि ऋण संख्येस वर्गमूळ नसतें कारण ती कोणाचाच वर्ग नव्हे, असें आपल्या बीजगणितांत स्पष्ट बजावलें आहे. पुढें गणितानें ऋण संख्यांच्या मुळांनाही निराळी जागा करून दिली. परंतु पाया न पाहतां नियम चालवूं नये, हा त्या इशाऱ्याचा गाभा आजही तसाच आहे.

मग एकाच गोष्टीचीं दोन चिन्हें ठेवावींत तरी कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आपल्या घरांतील पेटीवर मिळतें. समान अंतरांनीं लावलेल्या पेटींत सा पासून वरच्या सा पर्यंत बारा सारख्या पायऱ्या असतात, आणि वरच्या सा ची कंपनसंख्या खालच्या सा च्या दुप्पट असते. तेव्हां एक पायरी म्हणजे २ चा १/१२ घात. पंचम सातव्या पायरीवर, म्हणून त्याचें प्रमाण २ चा ७/१२ घात. हेंच मूळचिन्हांत लिहिलें तर १२८ चें बारावें मूळ होतें, आणि त्यांतील सात पायऱ्या कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत. या घाताची किंमत सुमारें १.४९८ आहे, शुद्ध पंचमाची १.५, पेटीचा पंचम किंचित् उतरलेला असतो तो एवढ्यामुळें. उलट शुद्ध गांधार चौथ्या पायरीवर: ४/१२ म्हणजे १/३, अर्थात् २ चें घनमूळ. तीव्र मध्यम सहाव्या पायरीवर: ६/१२ म्हणजे १/२, अर्थात् √२. बौधायनाची द्विकरणी ती हीच! हिशेब करतांना घातांक, आणि उत्तराचें रूप ओळखतांना मूळचिन्ह, अशी ही वांटणी आहे. दोन्हीं भाषा येणाऱ्यालाच सहाव्या स्वरांत चौरसाचा कर्ण दिसतो.

हा इतिहास आमच्या मतें दोन गोष्टी शिकवितो. पहिली, अभिमानाविषयीं. अनुयोगद्वाराच्या कर्त्यास मुळांचा गुणाकार समजला होता आणि ओरेमला दीडावा घात समजला होता. दोघांचाही विचार आपापल्या पोथींत अडकून राहिला. त्यांची थोरवी त्यानें कमी होत नाहीं. परंतु विचार पुढच्यांच्या हातीं पडेल अशा रूपांत लिहून, छापून, वांटून ठेवणें हेंही विद्येचें अर्धें काम आहे. अमरावतीला धवला छापली गेली नसती तर वीरसेनांची बाजू मांडावयास आज आपणांपाशीं आधार कोणता उरला असता? दुसरी गोष्ट शिक्षणाविषयीं. ज्या प्रश्नाचें उत्तर वॉलिस आणि न्यूटन यांच्या हातीं सिद्ध होण्यास शतकें लागलीं, तो आपल्या मुलानें एका दुपारीं विचारला तर तो मंद नव्हे. त्याला पाठ करावयास सांगण्यापूर्वीं वडीलमंडळींनीं कागदावर एवढेंच लिहून द्यावें: अर्धा आणि अर्धा मिळून एक. मग ५ चा अर्धा घात काय असला पाहिजे, हें त्यालाच शोधूं द्यावें. पांच मिनिटें अधिक लागतील. पण वर्गमूळ त्याचें त्यालाच सांपडेल.